आधी इंधन, मग स्टोव्ह: मेळघाटातली थंडीतली फेरी

गुरुवार: अमरावती, परतवाडा आणि वावरातली पहिली रात्र

या फेरीत आम्ही तिघं होतो. मी, भाऊजी आणि कॉलेजात शिकणारा भाचा. मला पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल असा छोटा स्टोव्ह पाहिजे होता, किल्ले-डोंगर फिरताना चहा आणि खिचडी होईल एवढाच. भाऊजींची गरज वेगळी होती, त्यांना घरात ठेवायला पाहिजे होता, पुरासाठी. त्यांचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरून मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला आणि वैनगंगा अशी फुगली की भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं पाण्यात गेली, तेव्हा ताई, भाऊजी, त्यांची आई आणि लेकरं शेजाऱ्याच्या स्लॅबवर बसून होते. तांदूळ-डाळ वर नेली होती. जळण सगळं ओलं आणि गॅसचा सिलिंडर खालीच राहिला, पाणी चढलं तसा तो तरंगत अंगणाबाहेर गेला. हे ऐकून भाचा म्हणे एवढं लोखंड तरंगणार कसं, पण हिशोब साधा आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि रिकामी टाकी साधारण पंधरा-सोळा किलोची, मिळून तीसेक किलो, आणि टाकीचं आकारमान तेहतीस लिटरच्या वर, म्हणजे भरलेला असला तरी तो वर येतोच. तर ज्याचं घर नदीच्या काठाला आहे त्याने "घरात गॅस आहे ना" म्हणून निश्चिंत बसू नये.

भाऊजी नागपूरहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आले, त्यामुळे ते काहीच आणू शकले नाहीत. रॉकेल, पेट्रोल, गॅसचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १६४ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर हजारापर्यंत दंड नाहीतर दोन्ही आहे, आणि कायद्याचं सोडा, जनरल डब्यात माणसावर माणूस असतो तिथे डबा गळला तर काय होईल याचा विचार करा. विमानातही चालत नाही. म्हणून स्टोव्ह निवडायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की जिथे जायचं आहे तिथे पोचल्यावर बाजारात कोणतं इंधन मिळेल? नेटवर लोक बर्नरचे ग्रॅम मोजत बसतात, टायटॅनियम घेऊ की स्टील घेऊ, आणि डबाच मिळाला नाही तर ते टायटॅनियम पेपरवेट म्हणून ठेवायचं.

आम्ही दोन बाईकवर निघालो, अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. रस्त्यात दोन्हीकडे तुरीची सोंगणी चालू, संत्र्यांचे ढीग लागलेले. परतवाड्याला दुपारभर बाजार पालथा घातला. ट्रेकिंगवाले वापरतात तो स्क्रूवाला बुटका गॅसचा डबा कुठंच नाही, दुकानदारांनी नावही ऐकलं नव्हतं. लांबडा ब्युटेनचा डबा, साधारण २२० ग्रॅमचा, स्प्रेच्या बाटलीसारखा दिसतो तो, केटरिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळाला, कारण लग्नात लाइव्ह काउंटरवर डोसे-चायनीज करणारे तोच वापरतात. स्पिरिट हार्डवेअरच्या दुकानात मिळालं, फर्निचरच्या पॉलिशसाठी ठेवतात ते. मातीचं तेल म्हणजे रॉकेल, ते विचारल्यावर लोक आमच्याकडेच पाहायला लागले. रेशनवरचं जवळजवळ गेलंच आहे. एकाने सुचवलं की रॉकेलच्या स्टोव्हमध्ये थोडं पेट्रोल टाका, चालते. नाही चालत, पेट्रोलची वाफ फार लवकर होते आणि टाकी हातात फुटते, हे कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी करू नका.

संध्याकाळी घाट चढून चिखलदऱ्याच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात उतरलो, त्याला विचारूनच. सामान सांगतो. स्क्रूवाला छोटा बर्नर (मित्राचा, त्याच्याकडच्या अर्ध्या डब्यासकट), नळीचा बर्नर ज्याला लांबडा डबा लागतो, स्पिरिटचा पितळी दिवा, हेक्झामिनच्या गोळ्या (पेटवून जाळायचं घट्ट इंधन) आणि त्यांची घडीची पत्र्याची बैठक, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून भाच्याने केलेली काड्यांची चूल, आणि एका ठेलेवाल्याकडून मागून आणलेली सुटकेसवाली शेगडी, जिच्यात डबा बाजूच्या कप्प्यात आडवा बसतो.

पठारावर वारा सुटला होता. स्क्रूवाल्याचं पातेलं उंचावर, आच वाऱ्यानं आडवी पळत होती, पाणी नुसतं कोमट होऊन राहिलेलं. भाच्यानं पत्रा घेऊन चारी बाजूंनी गुंडाळायला सुरुवात केली तेव्हा त्याला थांबवलं, कारण या प्रकारात डबा बर्नरच्या खालीच असतो, पत्र्यानं सगळं बंद केलं की उष्णता डब्यावर उतरते आणि डबा तापून फुटू शकतो. आडोसा करायचा तो वाऱ्याच्या बाजूनंच, दुसरी बाजू मोकळी, आणि मधूनमधून डब्याला हात लावून बघायचं, गरम लागला तर बंद. नळीच्या बर्नरला ही भानगड नाही, डबा हातभर लांब राहतो, बर्नर जमिनीला टेकलेला, मग पत्र्यानं पूर्ण घेरला तरी चालतं. त्यानं त्याच वाऱ्यात तिघांचा चहा उकळून दिला. पातेलंही हलत नाही. माझं मन तिथेच अर्धं ठरलं.

शुक्रवार: गाविलगड, आणि खिचडीचा हिशोब

सकाळी मोबाईल ९ डिग्री दाखवत होता. लांबडा डबा रात्री बाहेर राहिलेला, पेटवला तर आच बारीक, निळी पण जीव नसलेली. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच, साधारण उणे अर्ध्या डिग्रीला उकळतो, म्हणजे थंडीत त्याची वाफ कमी होते, दाब पडतो. वरून गॅस निघत गेला की डबा स्वतःच आणखी गार होतो, हात लावला तर दव धरलेलं असतं. उपाय सोपा आहे, डबा पसरट ताटात कोमट पाण्यात उभा केला, अंघोळीच्या पाण्यापेक्षाही कमी गरम, आणि मिनिटभरात आच सरळ झाली. उकळतं पाणी मात्र नाही, कधीच नाही. रात्री डबा पांघरुणात घेऊन झोपलं तरी सकाळी काम होतं. हिमालयात जाणाऱ्यांना प्रोपेन-आयसोब्युटेन मिसळलेला डबा लागतो, आपल्या विदर्भात त्याच्यामागे जादा पैसे घालायची गरज नाही.

मग गाविलगड. बहामनींच्या काळात १४२५ ला अहमदशहानं बांधून घेतलेला, आणि डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं तोफा लावून घेतलेला. दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, भाच्यानं पोटभर पाहिलं, तलावाच्या काठानं बरंच चाललो. इथे स्टोव्ह बाहेर काढायचा नाही हे आधीच ठरलेलं, गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे आणि गवत कमरेइतकं वाळलेलं असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडायला सरळ मनाई करतं. आम्ही तिखट पुऱ्या, लोणचं, शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि पाणी प्यालो. वन-डे फिरणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा, एक दिवस चहा नसला तर काही बिघडत नाही आणि सॅकचा किलोभर भार वाचतो.

संध्याकाळी परत वावरात, आणि मग खरी परीक्षा, कारण परदेशी माणूस पाणी उकळून पाकिटात ओततो आणि त्याचं जेवण होतं, आपल्याला पिठलं-भात लागतो, खिचडी लागते, म्हणजे आच मंद करता आली पाहिजे. पिठल्यात हे लगेच कळतं. बेसन ओतलं, स्क्रूवाल्यावर आच मधोमध एका ठिकाणी लागते त्यामुळे तळाला रुपयाएवढा करपट डाग पडला आणि कडेला कच्चं. नळीवाल्याचं डोकं रुंद, चावी फिरवून आच अगदी दिव्याएवढी केली, वरून सांबार (आमच्याकडे कोथिंबीर म्हणजे सांबार) टाकला आणि तीन मिनिटांत झालं.

डाळीचंही बोलायला पाहिजे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, इथे पाणी शंभराऐवजी ९६ च्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, तिच्यापायी अर्धा डबा जातो. मुगाची नाहीतर मसुराची डाळ न्या, दुपारीच भिजत घाला. आणि एक गोष्ट भाऊजींच्या आईची, त्यांनी पुरानंतर सांगितलेली: भाताला एक चांगली उकळी आली, पाच मिनिटं झाली की पातेलं उतरवायचं, झाकण घट्ट, आणि गोधडीत गुंडाळून ठेवून द्यायचं. आम्ही केलं. अर्ध्या तासानं गोधडी उघडली तर भात मऊ, दाणा न् दाणा मोकळा, आणि पातेलं धरायला अजून फडकं लागत होतं. यानं गॅस निम्मा वाचतो, कोणत्याही महागड्या स्टोव्हपेक्षा जास्त.

स्पिरिटचा दिवा मला आवडला, पण भीती सांगतो आणि मग बाकीचं. याची ज्योत उजेडात दिसतच नाही. भाऊजी वाकून बघत म्हणाले, "हे जळून राह्यलं का विझलं, काही समजूनच नाही राह्यलं बा." लोक इथेच भाजतात, विझलं समजून वरून बाटली तिरपी करतात आणि ज्योत बाटलीत शिरते. पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, हात वरून धरून बघायचा, जवळ पोरं नकोत. बाकी यात बिघडण्यासारखं काही नाहीच, ना वॉशर ना नळी. तीसेक मिली स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळतं, आडोसा चांगला असेल तर. पण आच कमी-जास्त होत नाही, आणि गॅसच्या मानानं इंधन दुपटीच्या आसपास उचलावं लागतं. स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतो, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

शनिवार: सेमाडोह, हरिसाल आणि मावशींची चूल

चिखलदऱ्याहून सेमाडोह, तिथून सिपना नदीच्या कडेकडेनं कोलकासवरून हरिसालच्या पुढे. जंगलातून जाणारा रस्ता, मध्ये कुठंही थांबून काही पेटवलं नाही. साग निम्मे झडलेले, खाली पानांचा गालिचा, त्यावर एक काडी पडली तरी पुरे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा मोसम धरतात, पण जानेवारीतही पानं हातात चुरली की पीठ होत होतं.

मुक्काम एका कोरकू आदिवासी कुटुंबाच्या घरी, शेतकरी मित्राच्या ओळखीनं. अंगणात तुराट्यांची गंजी, ओसरीत मागच्या सालच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, बांधून ठेवलेल्या. भाच्याची काड्यांची चूल इथे कामाला आली. पऱ्हाट्या बोटभर लांब मोडून टाकत राहिलो, दुसऱ्या भोकांमधून हवा वर चढते, धूर पहिले दोन-तीन मिनिटं आणि मग जवळजवळ नाहीच. पण समोरून उठता येत नाही, सारखं काहीतरी टाकावं लागतं, आणि पातेलं बाहेरून काळंभोर. जंगलात ती चालणार नाही, आणि त्या घरातल्या मावशी म्हणाल्या तसं पावसात तर नाहीच. त्यांच्या चुलीच्या वर बांबू आडवे बांधून त्यावर लाकडं रचलेली होती. "पावसाळ्यात सारं वल्लं होते, म्हणून वर ठेवतो, धुरानं वाळत राह्यते," असं म्हणून त्यांनी एक लाकूड काढून हातात दिलं, हलकं, कोरडं, धुरानं तपकिरी झालेलं. पूर येऊ द्या नाहीतर रस्ता बंद होऊ द्या, त्यांचं दोन-चार दिवसांचं जळण डोक्यावर तयार असतं. पण हे भाऊजींच्या घरी जमणार नाही, त्यांच्याकडे चूल राहिलेलीच नाही.

त्या घरात जुना पितळी पंपाचा स्टोव्हही होता. रॉकेल नसल्यामुळे पडून, पण मावशींच्या मुलानं कुठून तरी पावशेर जमवलेलं काढलं. काकडा स्पिरिटमध्ये भिजवून बर्नरला लावला, बर्नर तापला, मग पंप, मग तो ओळखीचा घुर्र आवाज. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टनं हा स्टोव्ह काढला, तेव्हापासून यात फारसा बदल नाही. वाऱ्याला दाद देत नाही, पाणी सगळ्यात लवकर यानंच उकळलं. रॉकेल मिळत असतं तर मी घरासाठी डोळे झाकून हाच सांगितला असता. पण पिन मारता आली पाहिजे, वॉशर बदलता आला पाहिजे, आणि आजच्या घरात हे येणारं माणूस एखादंच. पुराच्या वेळी तेच माणूस बाहेरगावी असलं तर?

भाऊजींनी रात्री हाच मुद्दा धरला. मी त्यांना नळीचा बर्नर घ्या म्हणत होतो. ते म्हणाले, "मले एक सांग, घरात पाणी शिरलं, लाइट गेली, अंधारात माही माय हे नळी जोडत बसंन काय?" बरोबर होतं त्यांचं. पेटवणारं माणूस सत्तरीचं, अंधार, पोरं रडतायत, पातेलं सहा जणांचं. सुटकेसवाल्या शेगडीत डबा खाचेत बसवायचा, खटका दाबायचा, चावी फिरवायची. रुंद बसते, दाब जास्त झाला तर डबा आपोआप सुटतो. एकच गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे: पातेलं किंवा तवा डब्याच्या कप्प्यावर येईल एवढा मोठा ठेवायचा नाही, खालून आलेली उष्णता डब्यावर परत येते आणि स्फोट होतो, आणि दोन शेगड्या शेजारी-शेजारी लावायच्या नाहीत.

मग डबे किती? एक लिटर पाणी उकळायला चौदा-पंधरा ग्रॅम गॅस धरा, म्हणजे एका डब्यात पंधराएक लिटर, वाऱ्यात कमी. पिण्याचं पाणी पुरात गढूळ असतं, आधी निवळू द्यायचं, चार पदरी फडक्यातून गाळायचं, आणि खळखळून उकळी आली की एक मिनिट राहू द्यायचं, आपल्या उंचीवर तेवढं पुरतं. दहा मिनिटं उकळून गॅस घालवू नका. सहा माणसांना पिण्यापुरतं पाणी आणि एक वेळचा भात धरला तर दिवसाला एका डब्याच्या वरच जातो. भाऊजींनी सहा डबे ठरवले, शिवाय हेक्झामिनच्या गोळ्यांची पाकिटं. त्या गोळ्या फौजेत वापरतात, वास डोळ्याला झोंबतो, पातेल्याला चिकट काजळी येते, एका गोळीत जेमतेम अर्धा लिटर पाणी, पण बंद पाकिटात वर्षानुवर्षं राहतात आणि गळायला त्यात काही नाही. शेवटचा उपाय म्हणून ठीक. उघड्यावरच पेटवायच्या.

आता खरी अडचण. डबे ठेवायचे कुठे? पुरासाठी उंचावर, म्हणजे माळ्यावर, पत्र्याखाली. पण ब्रह्मपुरी म्हणजे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जाणारं गाव, पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि डब्यावर छापलेलं असतं ५० डिग्रीच्या वर नेऊ नका. खाली ठेवले तर पुरात जातात, वर ठेवले तर उन्हात तापतात. आम्ही तिघं यावर बराच वेळ अडकलो. शेवटी भाऊजींनी ताईला फोन लावला आणि तिनं एका वाक्यात सोडवलं: "होळी झाली की खाली रांजणाजवळ, मृग लागला की वर." मातीच्या भिंतीची ती खोली उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार, आणि जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो तोवर नदीला पूर येत नाही. कोणत्याही डब्याच्या लेबलवर हे लिहिलेलं नसतं.

रविवार: घटांगवरून परत

सकाळी चहा झाला आणि घटांगच्या रस्त्यानं परतवाडा. रस्त्यात एका ढाब्यावर पाहिलं, एक पोरगा मोठ्या सिलिंडरमधून अडॅप्टर लावून लांबड्या डब्यात गॅस भरत होता. हे सगळीकडे चालतं म्हणून इथे लिहितो. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त, आणि हा पातळ पत्र्याचा डबा तेवढ्या दाबासाठी बनवलेलाच नसतो, वरून काठोकाठ भरला तर उन्हात पसरायला जागा उरत नाही. शंभर-दीडशे रुपये वाचवायला असं करू नका. पोराला सांगून पाहिलं, त्यानं ऐकून तरी घेतलं.

परतवाड्यात मी नळीच्या बर्नरसाठी दोन डबे घेतले. भाच्याला त्याची काड्यांची चूलच पाहिजे, फक्त वावरात वापरायची हे कबूल करून घेतलंय. ज्याला एसटी-रेल्वेनं फिरायचं आहे त्यानं इंधन उतरल्यावरच घ्यावं, आणि ज्या गावी काहीच मिळणार नाही तिथे कोणाच्या तरी चुलीवर पाणी मागून घ्यावं, नाही म्हणणारं घर मला तरी या भागात भेटलेलं नाही. तंबूच्या आत कोणताही स्टोव्ह पेटवायचा नाही, थंडी कितीही असो, आणि घरातही ताडपत्री सगळीकडून बांधून आत शेगडी लावायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भाऊजींनी शेगडी आणि डबे इथून घेतले नाहीत, रेल्वेत नेता येत नाहीत म्हणून. नागपूरला इतवारीत घेतील, आणि गावातला एक जण महिन्यातून दोनदा पिकअप घेऊन नागपूरला येतो, त्याच्या मोकळ्या ट्रॉलीत ठेवून पाठवतील. शेगडी, काडीपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, दोन फडकी, झाकणाचं पातेलं आणि गोळ्यांची पाकिटं एका झाकणाच्या ड्रममध्ये, डबे मात्र वेगळे, उघड्या टोपलीत. आणि ताईनं फोनवर आणखी एक सांगितलं, ते त्यांनी माझ्या समोर वहीत लिहून घेतलं: दर वर्षी मृगाला ती शेगडी सासूबाईंच्याच हातानं एकदा पेटवून घ्यायची.